निरोप कुठे थांबला

चिमाताईला ऑफिसात सगळे मॅडम म्हणत, पण काम मात्र टेबलाखाली शिरून करायचं. चार मजल्यांचं नेटवर्क तिच्या ताब्यात होतं. कुणाचा कॉम्प्युटर रुसला की मॅडमच्या नावाचा धावा, आणि सुरू झाला की मॅडम कोण, हा प्रश्न. तिला त्याचं काही वाटत नसे.

नव्या माणसांना ती एक गोष्ट हमखास समजावून सांगायची. कॉम्प्युटरने पाठवलेला निरोप एका राउटरकडून दुसऱ्याकडे जातो. रस्ता चुकला तर दोन-तीन राउटर तो एकमेकांकडेच ढकलत बसतात, आणि असे निरोप साचले तर सगळी लाइन तुंबते. म्हणून निघतानाच प्रत्येक निरोपावर एक आकडा घालतात. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि शून्य आलं की निरोप तिथेच टाकून देतो. "माणसांना एवढी अक्कल असती तर काय हवं होतं," म्हणत ती चहाचा कप उचलायची.

हे ती घरच्या अनुभवावरून बोलत होती. वडिलांच्या शेवटच्या आजारात दादा म्हणाला ऑपरेशन करू या, आणि छोटू म्हणाला या वयात त्यांचे हाल नकोत. ऑपरेशन राहिलंच, वडील गेले आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. छोटूचे केस पिकले, दादाला नातवंडं झाली, पण ताठा दोघांचाही तसाच. मधली बहीण म्हणून चिमाताई दोघांचे निरोप वाहायची. इकडचं वाक्य तिकडे जाताना तिखटमीठ लागायचं, परत येताना दुप्पट. एकदा तर दादाचंच वाक्य महिन्याभराने फिरून त्याच्याकडे आलं आणि तो कडाडला, "असं बोलायची त्याची हिंमत झालीच कशी?"

त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. यापुढे राग आपल्यापाशी येऊन संपणार. दोघांचंही ऐकायचं, "हो, सांगते" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. ते जमलं. घरं शांत झाली, भाचरं एकमेकांकडे येऊ-जाऊ लागली. चिमाताई स्वतःवर खूश होती, आणि का नसावं?

मग छोटूचं हृदयाचं दुखणं निघालं. दादाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती हॉस्पिटलात त्याच्या खाटेशेजारी सफरचंद चिरत बसली होती.

"ताई, गेल्या वर्षी मी तुझ्याकडे दादासाठी निरोप दिला होता. तो काय म्हणाला, ते तू सांगितलंच नाहीस. आता लपवू नकोस. उद्याचं कुणी पाहिलंय?"

"कुठला निरोप?"

"बाबांच्या वेळी मी आडवा आलो, चूक माझीच होती, एकदा ये आणि चार शिव्या घालून मोकळा हो. त्याने नाही म्हटलं असणार. मी समजून गेलो."

चिमाताईची सुरी थांबली. तिला तो फोन आठवला. राउटरच्या खोलीत पंख्यांचा घोंघाट, फोन खांद्याशी दाबलेला, दोन्ही हात वायरींत. "दादाला सांग, बाबांच्या वेळी..." एवढं कानावर पडलं आणि नेहमीचंच रडगाणं म्हणून तिने पुढचं ऐकलंच नाही. "हो, सांगते," म्हणून ती वायरी ओढत राहिली होती. तिला स्वतःची लाज वाटली. राउटरसुद्धा निरोप टाकून देताना पाठवणाऱ्याला उलट कळवतो, की बाबा रे, तुझा निरोप माझ्यापाशी संपला. तिने तेवढंही केलं नव्हतं.

आजारी माणसाला हे आज कशाला सांगायचं, असं मनात येऊन गेलं. पण उद्या तो दादाचा नकार उराशी घेऊनच आत गेला असता.

"छोटू, तो निरोप दादापर्यंत गेलाच नाही. मी पोचवला नाही. धड ऐकलाही नव्हता."

"वर्ष झालं, ताई," एवढंच तो म्हणाला. तो दुखावला होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तो नाही म्हणाला नाही?"

"त्याला कुणी विचारलंच नाही."

"मग आता सांग त्याला."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. तिने दादाचा नंबर लावला आणि फोन छोटूच्या हातात दिला.

"बोल, चिमे." दादाचा आवाज मुळातच खणखणीत, तिलाही ऐकू आला.

"दादा, मी छोटू बोलतोय." आणि न थांबता त्याने सगळं सांगून टाकलं, बाबांचं आणि उद्याचंही.

"मी निघतो," दादा म्हणाला. "ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते ना? ती मी करणार. दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस."

चिमाताईने ती सही सकाळीच करून दिली होती. ती उठली आणि नर्सकडे सहीचा नवा कोरा कागद मागायला गेली.