नानांचं सूर्याशी वैर

भुसावळात मे महिन्यात प्रत्येकाचंच सूर्याशी भांडण असतं, पण ते घामापुरतं. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, खाटा बाहेर काढल्या की मिटतं. आमच्या शेजारच्या नानांचं भांडण मात्र तात्त्विक होतं आणि बारमाही होतं. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी 'सुप्रभात' म्हणून उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं, की नानांचं उत्तर ठरलेलं असे : "कृपया प्रचार थांबवावा." आणि त्याखाली एका बॉयलरचा फोटो. त्या बॉयलरला बिचाऱ्या जोशीकाकूंनी एकदा चुकून हात जोडले होते.

नाना औष्णिक वीज केंद्रातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेले. मूळचे रावेरकडचे, घरची केळी. पण केळीच्या घडापेक्षा कोळशाच्या ढिगाकडे पाहून त्यांना जास्त समाधान वाटे. सगळे त्यांना 'बेसलोड नाना' म्हणत. बेसलोड म्हणजे देशाला रात्रंदिवस, बारा महिने लागतेच लागते तेवढी वीज. हा शब्द ते इतक्यांदा वापरत की आमच्या दूधवाल्यालाही त्याचा अर्थ कळला होता. नानांच्या जगात दोनच प्रकार होते, एक बेसलोड आणि दुसरी फॅशन. कोळसा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, एकत्र कुटुंब आणि सरकारी नोकरी हे बेसलोड. सौरऊर्जा, पवनचक्क्या, प्रेमविवाह, पिझ्झा आणि विरोधी पक्ष ही फॅशन. सरकार बदललं, की आठवड्याभरात नवा पक्ष बेसलोडमध्ये यायचा आणि जुना फॅशनमध्ये जायचा. मी एकदा हे त्यांच्या निदर्शनास आणलं, तर म्हणाले, "चालत्या मशिनीला हात लावायचा नसतो, सर. तुम्ही आर्टवाले, तुम्हाला नाही कळायचं." मी कॉलेजात मराठी शिकवत असे. नानांच्या लेखी तो व्यवसाय पवनचक्कीच्याही खालचा होता.

राजकारणावर बोलताना ते नेहमी टर्बाइनचा दाखला देत. गरम टर्बाइन बंद केलं तरी एकदम थांबू द्यायचं नसतं, हळूहळू फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर शाफ्ट वाकतो. "देशाचंही तसंच आहे. ह्या पोरांना सगळं उद्याच्या उद्या पाहिजे. वाकेल ना शाफ्ट!" हे वाक्य मला पटायचं, ही खरी पंचाईत होती. पण तोच शाफ्ट ते सुनेने ड्रेस घालण्यापासून गल्लीत गतिरोधक बसवण्यापर्यंत कुठेही घालायचे. आमच्या गल्लीचा गतिरोधक केवळ नानांच्या शाफ्टपायी दोन निवडणुका रखडला.

फुकटेपणावर त्यांचा भारी राग. लोकांना पंपाला सवलत, छतावरच्या सौर पाट्यांना अनुदान, म्हणजे देश बुडालाच. हे सगळं ते दोन कूलरच्या मधोमध बसून सांगत. नोकरीतली सगळी वर्षं सवलतीच्या विजेवर काढल्यामुळे एक कूलर बंद करायचा असतो ही कल्पनाच त्या घरात नव्हती. दुसरा कूलर खरं तर त्यांच्या कुत्र्यासाठी होता. विषय तिकडे वळला की नाना म्हणत, "ती सवलत नाही, तो हक्क आहे."

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, साक्रीकडच्या. बोलत कमी, पण बोलल्या की अहिराणीत, आणि नेमकं लागेल असं. केंद्राची राख कॉलनीवर बारीक पडत राहायची. दोरीवरचं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. नाना म्हणायचे, "राख काय म्हणता, देशाची विभूती आहे ती." अक्का ते पातळ पुन्हा बादलीत बुडवून म्हणायच्या, "मंग तुम्हीच लावा कपायले." एकदा नाना गच्चीवर मला सौरऊर्जेचा फोलपणा समजावत होते. शेजारीच अक्का साडीवर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. न राहवून त्या म्हणाल्या, "मना पापड काय तुमना कोयसावर वायतस का?" नाना म्हणाले, "घरगुती वापर वेगळा."

हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्ट्या होतात. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात भरताची वांगी भाजायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर पोट फुटेस्तोवर खायचं. एका वर्षी यजमानाने वांगी गॅसवर भाजून आणली. नाना पंगतीतून उठले. समजावायला गेलो तर म्हणाले, "भरीत आणि देश, दोन्ही जाळावर चालतात सर. जाळ दिसला पाहिजे." ते बांधावर जाऊन बसले आणि त्यांनी नुसती कांद्याची पात खाल्ली. हे मात्र खरं, की त्या भरताला चव नव्हती.

अशा माणसाच्या घरी देवाने सुनंदा घातली. एक मुलगा पुण्याला, त्याचं त्याचं बरं चाललेलं. सुनंदा धाकटी आणि नानांचा जीव की प्राण. नाना रात्रपाळीला निघाले की ती लहानपणी रडायची. मग नानांनी तिला खिडकीतून दिसणारी केंद्राची चिमणी दाखवून ठेवली होती : "तिथून धूर निघतोय ना, तोवर तुझा नाना जागा आहे. तू झोप." ती धूर बघत झोपायची. पुढे हट्टाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. नानांनी पेढे वाटले, आणि सहा महिन्यांत ती साक्रीकडच्या एका सौर प्रकल्पावर नोकरीला लागली. ते पेढे परत मागता आले असते तर नानांनी मागितले असते.

"काय करते लेक?" कुणी विचारलं की नाना सांगायचे, "काचा पुसते." ती तिथे अख्ख्या प्रकल्पाची देखभाल पाहत होती, हे मला अक्कांकडून कळलं. दोन-तीनदा तिने बोलावलं, पण नाना गेले नाहीत. वर त्यांना एक नवीन शास्त्र सापडलं होतं : साक्रीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग पळवून लावतात, म्हणून तिकडे पाऊस कमी. प्रत्येक गोष्टीला आकडेमोड मागणाऱ्या ह्या माणसाने ह्या एका बाबतीत कसलाच हिशोब मागितला नाही. "शेतकरी सांगतात ते काय उगाच?" एरवी शेतकऱ्यांनी दिवसा वीज मागितली की हेच शेतकरी फॅशनमध्ये जात.

सुनंदाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. नाना तो स्पीकरवर ठेवत, म्हणजे आपण तिला कसं हरवतो ते गल्लीलाही ऐकू यावं.

"नाना, आज दुपारी बारा वाजता पूर्ण भरलं होतं आमचं, शंभर टक्के वीज."

"आणि रात्री बारा वाजता काय?"

पलीकडे ती हसायची. मग जेवण, औषधं, कुत्र्याची तब्येत. पण तिला काय ऐकायचं होतं ते मला माझ्या ओट्यावर बसूनही कळायचं. बापाने एकदा 'बरं झालं' म्हणावं, एवढंच. नाना देशाच्या कोळसा धोरणावर अर्धा तास बोलू शकत होते, पण हे दोन शब्द त्यांना जड जात.

मी माझ्या गच्चीवर पाट्या बसवल्या तेव्हा नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका भर उन्हाच्या दुपारी अख्ख्या भागाची लाइट गेली आणि माझ्या घरचे पंखेही थांबले. अशा पाट्यांना बाहेरची लाइन चालू असावी लागते. लाइन गेली की त्यांनीही थांबायचं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. हे मला ठाऊक नव्हतं, नानांना होतं. ते त्या डांबर वितळवणाऱ्या उन्हात अनवाणी रस्त्यावर आले आणि वर बोट करून ओरडले, "ऊन आहे! पाट्या आहेत! लाइट कुठे आहे, सर? सूर्यालासुद्धा आमची परवानगी लागते!" त्या दिवशी पायाला फोड आले, पण चेहऱ्यावर असं तेज होतं की विचारू नका. संध्याकाळी त्यांनी सुनंदाला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगणारच होते सरांना. पण म्हटलं, तुम्हाला एक दिवस मिळू दे." नानांनी फोन स्पीकरवरून काढला.

मग केंद्राची जुनी युनिटं कायमची बंद झाली आणि त्यांची चिमणी पाडायचं ठरलं. सुनंदाला दाखवलेली तीच चिमणी. सुरुंग लावून पाडणार, म्हणून सगळी कॉलनी गच्चीवर चढणार होती. कुणी नातेवाईक बोलावले, कुणी पोह्यांचा बेत केला. आदल्या दिवशी नाना माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सर, उद्या गाडी काढा. साक्रीला जाऊन येऊ."

मी का म्हणून विचारलं नाही. अक्का मागे बसल्या, नाना पुढे. जळगाव, पारोळा, धुळे, सगळ्या रस्त्याने ते बोलत होते. उड्डाणपूल चुकीचा, टोल चुकीचा, इलेक्ट्रिक रिक्षा तर बघायच्याच लायकीची नाही. कुसुंब्याजवळ चहाला थांबलो तेव्हा माझा फोन वाजायला लागला. ग्रुपवर चिमणी पडतानाचे व्हिडिओ येत होते. नानांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मान वळवली. "साखर फार टाकतात इकडे," म्हणाले. डोळे भरले होते. चहा त्यांनी तसाच ठेवला.

सुनंदा गेटवर उभी होती, डोक्यावर हेल्मेट. नानांनी तिला जवळ घेतलं नाही, काही विचारलं नाही. हेल्मेटचा पट्टा ढिला होता तो हनुवटीखाली नीट आवळला. "इतकी वर्षं शिकवलं, तरी पट्टा ढिला!" मग नजर पोचेल तिथवर पसरलेल्या काचांकडे पाहून म्हणाले, "मशिनीचा आवाजच नाही. चालू आहे हे कळतं कसं?" ती त्यांना ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी घेऊन गेली. तिथे मोठा घुमारा होता. नाना डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज बरोबर आहे," ते म्हणाले. लगेच सावरले. "पण रात्री बारा वाजता काय?"

"रात्री तुमचं, नाना. दिवसा माझं."

परतीच्या वाटेवर पवनचक्क्यांना मात्र त्यांनी चार शिव्या जास्त दिल्या.

खोकला त्यांना कधीपासूनच होता. तो थंड पाण्याने, हवापालटाने, माझ्या घरच्या फोडणीने, कशानेही व्हायचा. कोळसा मात्र निर्दोष. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, "हे काय साठलंय, नाना?" नाना म्हणाले, "नोकरी." आणि स्वतःच हसायला गेले, तर खोकल्याने हसू मोडलं. मला त्यांचा तेव्हा फार राग आला. आयुष्यभर ज्याची बाजू घेतली त्यानेच छाती भरून टाकली, आणि हा माणूस त्याच्यावर विनोद करतो! पण चिडायचं कुणावर?

दवाखान्यात असतानाच त्यांनी जाहीर केलं, "मला विद्युतदाहिनीत न्यायचं." नातेवाईक चक्रावले. सत्यनारायणाला नारळ कमी पडला तरी अंगावर येणारा माणूस, आणि लाकडं नकोत? नाना म्हणाले, "तेवढाच बेसलोड वाढेल." सगळे हसले. मीही हसलो, आणि जाताजाताही हा गृहस्थ कोळशालाच मत देऊन जाणार, असं बाहेर येऊन चार जणांना सांगितलं.

थंडीतल्या एका पहाटे ते गेले. सूर्य उगवायच्या आतच. त्याचं तोंड बघायचं नसेल, असं माझ्या मनात आलंच. पुण्याहून मुलगा, साक्रीहून सुनंदा आदल्या रात्रीच आले होते. नऊ वाजता सगळी तयारी झाली. नातेवाईक घाई करू लागले, तशा अक्का दारात उभ्या राहिल्या. "आते नई. बाराले."

"बाराला कसलं, अक्का? सगळे खोळंबलेत."

"त्यासनी माले सांगेल शे. दुपारले बाराले लई जा, त्याना आगोदर नई, मांगून नई." आणि मग सुनंदाकडे वळून त्या म्हणाल्या, "तवय तुनी लाइट जोरमा ऱ्हास, असं सांगं त्यासनी."

दुपारी बारा वाजता तारांमधली सौर प्रकल्पांची वीज दिवसातली सगळ्यात जास्त असते, हे मला सुनंदाने नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी मला फक्त तिचा चेहरा दिसला. ती भिंतीला धरून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. तिला जे दोन शब्द हवे होते ते त्या हेकट म्हाताऱ्याने अशा तऱ्हेने बोलून ठेवले होते, तेही बायकोच्या तोंडून, आणि स्वतः ऐकायला न थांबता.

बाराच्या सुमाराला आम्ही दाहिनीशी पोचलो. बटण सुनंदाने दाबावं असं तिच्या भावानेच सुचवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने ओढणीने चेहरा पुसला, बटणावर बोट ठेवलं आणि रोज संध्याकाळी फोनवर सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "नाना, दुपारचे बारा. पूर्ण भरलंय."

रात्री बाराचा प्रश्न कुणीच विचारला नाही.