लेकीच्या खोलीतले तांदूळ

माणसाची खरी ओळख त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात असते, असं झुरळकाकांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्याइतकी कपाटं कुणी आतून पाहिलीही नव्हती. धंदाच तसा. पाठीला औषधाची टाकी, हातात नळी, तोंडाला फडकं, आणि घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण, मुंग्या मारायच्या. फवारणीआधी कपाटं रिकामी करून ठेवा म्हणून कितीही बजावलं, तरी एकही बाई ती करून ठेवत नसे. मग काकाच डबे उतरवायचे, आणि डबे उतरवताना काय काय दिसायचं!

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांच्या घरी एक कांदा आणि बिस्किटांचे पुडेच पुडे. "मी तर काही खातच नाही हो," असं जिन्यात सांगणाऱ्या बारीक बाईच्या पिठाच्या डब्यामागे चॉकलेटांची रांग. निवृत्त हेडमास्तरांकडे मधाच्या बाटल्या इतक्या, की मधमाश्यांनाही एवढा मध कुठून आणला असं वाटावं. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याकडे मीठ, चहा आणि भांडण. काका हे कुणाला सांगत नसत. धंद्याचा धर्म होता तो. फक्त बायकोला सांगत. आता ते पुढे सगळ्या गल्लीला कसं कळायचं, हा प्रश्न ज्यानं त्यानं बायको पाहूनच सोडवावा.

तर ही बायको. गल्लीत तिला मावशी म्हणत, आणि तिची पाठ वळली की कोठार म्हणत. दुसऱ्यांची कपाटं पाहून नाक मुरडणाऱ्या झुरळकाकांच्या स्वतःच्या घरात कपाट असं राहिलंच नव्हतं, घरच कपाट झालं होतं. पलंगाखाली तांदूळ. पलंगाच्या पायथ्याशी डाळी. खिडकीच्या कट्ट्यावर तेलाचे डबे, त्यामुळे खिडकी अर्धीच उघडायची. कोपऱ्यात साखर, साखरेवर मीठ, मिठावर वाळवलेल्या शेंगदाण्यांची पिशवी, आणि त्यावर काकांचा शर्ट, कारण खुंटीला कांदे होते. आतली छोटी खोली एके काळी लेकीची होती. लेक नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि तिच्या पलंगावर पहिलं पोतं चढलं. "तात्पुरतं," मावशी म्हणाल्या होत्या. आता त्या खोलीत पलंग आहे हे आठवणीवरच ठरवावं लागे.

ही साठवण चढली ती काकांच्या पाठीवरून. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळपासून टाकी वाहून खांदा उतरलेला असायचा, आणि दारात पाय ठेवला की आतून आवाज यायचा, "अहो, खाली दुकानवाल्यानं पोतं काढून ठेवलंय. तेवढं आणता का?" तेवढं! ते तेवढं आणून टेकवलं, की ऊन आहे तोवर जुनं पोतं गच्चीवर वाळवायला न्यायचं, आणि ऊन उतरलं की परत आणायचं. तांदूळ जेवढे शिजले त्याहून जास्त फिरले. काकांना झोपेतही पायऱ्या दिसत. एकदा मावशींनी रागानं विचारलं होतं, "तोंड का असं केलंय?" तर काका म्हणाले, "तोंड तसंच आहे गं. फक्त खाली आलंय."

हे वेड कुठून आलं, ते मात्र काकांना ठाऊक होतं, म्हणून तर बोलता येत नव्हतं. लेक लहान असताना गावाकडे येणारा रस्ता खचला. गाड्या बंद, दुकानं रिकामी. घरात रोजचं आणून रोजचं शिजवायची सवय, त्यामुळे चटकन डबे रिकामे होऊन वाजायला लागले. पोर तापानं फणफणलेली आणि भात मागत होती. तेव्हा मावशी वाटी घेऊन आणखी एक मजला वर राहणाऱ्या शिवणवालीकडे गेल्या. तिनं वाटी भरून दिली. पण दुसऱ्या दिवशी नळावर बोलली, "बाई बाई, त्यांच्या घरात तांदळाचा दाणा नाही हो!" एवढं एकच वाक्य. पण ते पाण्याच्या हंड्यांबरोबर घराघरात पोचलं. रस्ता झाला, गाड्या आल्या, लेक बरी झाली. मावशी मात्र त्या वाटीतून बाहेर आल्याच नाहीत. तेव्हापासून शिवणवालीशी बोलणं नाही. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघायची, दुसरी कठड्याकडे.

आणि अशात लेकीचा फोन आला. बदली झाली होती, याच गावच्या दवाखान्यात, तीही रात्रपाळीला.

"आई, दिवसा झोपायला जागा आहे का गं घरात?" लेकीनं विचारलं. "नसेल तर तसं सांग. वसतिगृहात एक खाट मिळतेय, पण हो-नाही लगेच कळवायचंय. रविवारी येते, बघून ठरवते."

"बघून काय ठरवतेस? तुझंच घर आहे," मावशी म्हणाल्या. फोन ठेवला, आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून पोती मोजली. मग म्हणाल्या, "अहो, ती डाळीची पोती तांदळावर चढवली तर भिंतीकडेला एक चटई मावेल ना?"

काकांनी पाहिलं. चटई मावली असती. चटईवर माणूस मावला नसता.

"थोडं कमी करूया का?" त्यांनी जपूनच विचारलं.

"म्हणजे काय करूया?"

"म्हणजे देऊन टाकू कुणाला तरी."

"द्या ना. आणि उद्या लेक भात मागेल तेव्हा वाटी घेऊन तुम्ही वर जा."

संपलं बोलणं. काकांनी टाकी पाठीला लावली आणि कामाला गेले. लेक इतक्या वर्षांनी घरी येणार, आणि तांदळांना जागा हवी म्हणून वसतिगृहात जाणार, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी काम नेमकं हेडमास्तरांकडे निघालं. मधामागच्या डब्यातले तांदूळ इतके जुने, की ते आपल्या पायांनी चालत होते. सोंडे, म्हणजे तांदळात होतात ते बारीक काळे किडे, डब्याच्या काठावर येऊन हवा खात होते. "टाकून द्या हो," हेडमास्तर म्हणाले. काकांनी डबा उचलला, आणि जन्मभर किडे मारून पोट भरलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एक किडा वळवळला. पिशवीत खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. त्यांनी तिच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, बिचाऱ्यांना हवा मिळावी म्हणून, आणि चिमूटभर सोंडे तिच्यात भरले.

बेत साधा होता. आतल्या खोलीतल्या एकाच पोत्यात सोडायचे. मावशींना किडे दिसतील, किळस येईल, त्या पोत्यामागोमाग बाकीचीही जातील, पलंग मोकळा होईल. घराघरात किड्यांच्या नुसत्या नावानं बायका किंचाळताना काकांनी पाहिलं होतं. आपली बायको त्या बायकांतली नाही, एवढीच गोष्ट हिशेबात धरायची राहिली. संसार एवढा करून माणसानं ही चूक करावी!

मावशींना किडे दिसले. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"टाकायचं?" त्या म्हणाल्या. "अन्न टाकायचं? अहो, चाळण आणा. ते मोठं ताटही आणा. आणि बसा."

"मी?"

"मग काय सोंड्यांना सांगू, आपले आपण बाहेर निघा म्हणून?"

काका बसले. चाळायचं, निवडायचं, चाळायचं. औषध मारावं तर मारता येत नव्हतं, अन्नावर फवारायचं नाही ही त्यांच्याच धंद्यातली पहिली शिकवण. एका पोत्याचं काम उरकत आलं तेव्हा दुसऱ्यात हालचाल दिसली. मग तिसऱ्यात. हेडमास्तरांचे सोंडे मोठे कष्टाळू निघाले. काका कामावरून यायचे, टाकी उतरवायचे आणि चाळण धरायचे. सकाळी निवडलेलं गच्चीवर, संध्याकाळी गच्चीवरचं खाली. गुडघे बोलायला लागले. डोळे मिटले तरी पांढऱ्यावर काळं चालताना दिसायचं. एकदा जेवताना त्यांनी भातातली मिरी उचलून खिडकीबाहेर फेकली, आणि मावशींनी नुसतं बघितलं.

त्यात गल्लीत बभ्रा. खालचा पेपरवाला दात काढून म्हणाला, "काय झुरळकाका, घरच्या किड्यांना सवलत दिलीत वाटतं?"

काका जिना चढायला लागले.

रविवारी सकाळी लेक आली ती थेट तिकडची शेवटची रात्रपाळी संपवून. अंगावर तोच गणवेश, पायांत तेच बूट. दारातच थबकली. मधल्या खोलीत चादरींवर तांदूळ, पलंगावर डाळ, खुर्चीवर पीठ, आणि या सगळ्यात आईबाप मांडी घालून बसलेले, दोघांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या.

"बाबा, हे काय? दुकान काढलंत?"

"निवडतोय," काका म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"माझी खोली?"

लेकीनं आत डोकावून पाहिलं. तोंड फिरवून नुसतं "बरं" म्हणाली. तिच्यात आईचाच हट्ट होता, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. पिशवी ठेवली, बूट काढले आणि ताट पुढे ओढून निवडायला बसली. "हे होईपर्यंत थांबते. मग वसतिगृहात कळवते," एवढंच म्हणाली. थोडा वेळ तिची बोटं चालली. मग मंदावली. मग थांबली. बसल्या बसल्या ती कलंडली, डोकं तांदळाच्या पोत्यावर, पाय तेलाच्या डब्यावर, आणि हाताच्या मुठीत निवडलेले दाणे तसेच.

मावशींनी उठून तिच्यावर काही पांघरायचं शोधलं. चादरी सगळ्या तांदळाखाली होत्या. एकही मोकळी नव्हती. घरभर फिरून त्या परत आल्या आणि लेकीच्या उशाशी उभ्या राहिल्या. पोर झोपेतही पोत्यावरून घसरत होती, सावरत होती, परत घसरत होती.

"अहो," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "डबे काढा. रिकामे असतील तेवढे."

"कशाला?"

"काढा म्हटलं ना."

त्यांनी निवडलेले तांदूळ डब्यांत भरायला घेतले. पेपरवाल्याला एक, दुकानवाल्याच्या आईला एक, नव्या जोडप्याला डाळीसकट दोन, आणि असंच गल्लीत घरोघरी. काका डबे पोचवून पोचवून दमले, पण आयुष्यात पहिल्यांदाच घरातलं धान्य बाहेर न्यायला पायऱ्या उतरत होते. शेवटी सगळ्यात मोठा डबा उरला. काकांनी हात पुढे केला.

"हा राहू दे," मावशी म्हणाल्या. "वर मी नेते."

काका तोंड उघडं टाकून मागोमाग गेले. एक वळण खाली थांबले, अर्थात ऐकू येईल अशा बेतानं. शिवणवालीनं दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढायला तिला जरा वेळच लागला.

"तांदूळ आहेत," मावशी म्हणाल्या.

"किडे नाहीत ना त्यात? गल्लीभर झालंय."

"निवडलेत. तुझ्या त्या वाटीत खडे होते, मी काही बोलले नव्हते."

"खडे असणारच की. तळाचे होते ते. माझ्याही डब्यात तेवढेच उरले होते." शिवणवालीनं डबा हातात घेतला. "नळावर बोलले ते कुणीतरी तुला आणून देईल म्हणून. मेलं एकानंही दिलं नाही."

हे खरं, की इतक्या वर्षांत शिवून तयार केलेलं, ते तिचं तिला ठाऊक. मावशींनीही खोदून विचारलं नाही. "डबा सावकाश दे," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. या वेळी भिंतीकडे कुणी बघितलं नाही.

लेक राहिली. दिवसा आतल्या खोलीचं दार बंद असतं आणि काका बूट हातात घेऊन चालतात. पण मावशींना काही केल्या चैन पडेना. भाजी चिरता चिरता उठायच्या, कपाट उघडायच्या, एकुलता एक तांदळाचा डबा हलवून बघायच्या, परत बसायच्या. काकांनी ते पाहिलं होतं.

एका संध्याकाळी ते कामावरून आले, टाकी उतरवून भिंतीला टेकले, तर मावशींनी त्यांच्यासमोर खोकल्याची बाटली ठेवली. झाकणाला भोकं तशीच.

"तुम्हाला खोकला कधी झाला होता हो?"

काकांनी बाटलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता.

"कधी सापडली?"

"पहिल्याच दिवशी. तुमची पिशवी धुतली तेव्हा."

"आणि तरी मला चाळायला बसवलंस?"

"मग कुणाला बसवू? हेडमास्तरांना?" मावशी म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू असल्यासारखं वाटलं, पण लगेच विरलं. कपाटाकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, एक पोतं आणता का? एकच. डबा वाजतो हो. झोप लागत नाही."

काकांचे खांदे आपोआप खाली आले. "केवढं?"

मावशींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. वाकलेली पाठ, सुजलेले गुडघे.

"तुम्हाला उचलेल एवढं," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर नको."

काका परत चपला घालून खाली गेले. दुकानात लहान पिशवी होती आणि मोठी होती. लहान पिशवीवर त्यांनी हात ठेवला, तो काढला, मोठी खांद्यावर घेतली आणि स्वतःलाच शिव्या घालत, प्रत्येक वळणावर टेकत, वर चढायला लागले.