चार कच्चे टाके

लष्कराच्या शिवणखात्यात सगळे मास्तरांना वचकून असत. माणूस दिसायला बेताचाच होता. डोळ्यांवर जाड भिंगं, कानामागे खडू आणि तोंडात कायम एक टाचणी. पण जनरलचा कोट मांडीवर आला तरी ते त्याच्याकडे असं बघायचे, की जणू कुणी मांडीवर ओलं पोतेरं आणून टाकलंय. एकतीस वर्षं ते साहेबलोकांच्या खांद्यांवर तारे टाचत होते आणि त्यातल्या एका ताऱ्याबद्दलही त्यांना काडीचा आदर नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत कापड बेतणारा कटिंगवाला मुद्दाम काडी टाकायचा. ‘‘मास्तर, मेजर लेफ्टनंटच्या वर ना? मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलच्या खाली कसा?’’

‘‘लाजेपायी,’’ मास्तर म्हणायचे. ‘‘पूर्वी त्याला सार्जंट मेजर जनरल म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाला सार्जंट म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून पुढचा शब्द गाळला. हुद्दा होता तिथंच राहिला, नाक तेवढं वर गेलं.’’

‘‘आणि फील्ड मार्शल?’’

‘‘मार्शल म्हणजे मुळात घोड्यांना खरारा करणारा नोकर. राजाचे घोडे सांभाळता सांभाळता घोडदळ सांभाळायला लागला, मग राजानं हातात मानाचा दंड दिला. झाला सगळ्यांचा बाप! बाकीचे साठीला घरी जातात. हा आपल्याकडे मरेपर्यंत नोकरीत. गणवेश उतरवायचाच नाही.’’

इस्त्रीच्या टेबलामागून त्यांची बायको ऐकत असायची. तीही याच खात्यात, वाफेच्या इस्त्रीवर. ती इस्त्री जरा जोरात आपटायची. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस त्या दिवशी गप्प का बसला, हा तिचा एकतीस वर्षांचा सवाल होता.

तो दिवस असा. लढाई चालू होती. मास्तर तेव्हा बाहीवर दोन फिती लावणारे कॉर्पोरल होते आणि तुकडीचं शिवणकामही तेच बघत. अकरा माणसं घेऊन ते एक पूल धरून बसले होते. टेलिफोनवर मेजरचा हुकूम आला, पूल सोडा, मागे या. ते अकराच्या अकरा माणसांना जिवंत घेऊन मागे आले. दुसऱ्या दिवशी पूल शत्रूच्या हातात गेला, चौकशी बसली आणि मेजर शांतपणे म्हणाला, ‘‘मी असा हुकूम दिलाच नव्हता.’’ तोंडी हुकुमाला साक्षीदार कुठला? शिक्षा ठरली, सगळ्या पलटणीसमोर फिती उपटायच्या.

आता या उपटण्याची एक रीत आहे, आणि ती शिंपी सोडून फारसं कुणाला ठाऊक नसते. पक्की शिवलेली फीत हातानं उपटत नाही. साहेब ओढत बसला, घामाघूम झाला, तर हसं साहेबाचं होतं. म्हणून आदल्या दिवशी शिंपी फिती उसवतो आणि चार कच्च्या टाक्यांवर लावून ठेवतो. साहेबानं नुसता हात लावायचा. मेजरनं निरोप धाडला, ‘‘चार टाके. एका झटक्यात निघाल्या पाहिजेत.’’ तुकडीचा शिंपी तर एकच होता. मास्तरांनी स्वतःच्या फिती स्वतः उसवल्या, स्वतः चार-चार टाके घातले आणि सकाळी सगळ्यांसमोर मेजरनं त्या दोन बोटांनी काढून घेतल्या. त्याला जोरसुद्धा लावावा लागला नाही. मास्तरांची रवानगी शिवणखात्यात झाली.

‘‘पक्क्या शिवून ठेवायच्या होत्यात,’’ बायको म्हणायची. ‘‘ओढत बसला असता मेला.’’

मास्तर सुईत दोरा ओवायला घ्यायचे. फितींचंही त्यांना आता काही वाटत नव्हतं. त्यांना त्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, हुकूम मी दिला होता. त्या वाक्यावाचून मरायला ते तयार नव्हते.

मेजरचं मात्र उत्तम चाललं. पूल परत घेतला दुसऱ्यांनी, पदक मिळालं याला. मग कर्नल, ब्रिगेडियर, जनरल. आणि यंदा फर्मान निघालं, साहेबांना फील्ड मार्शल करायचं. देशातले दुसरेच. मार्शलच्या खांद्यावर एकमेकांना छेदणारे दोन दंड असतात, ते जरीनं भरायची कला अख्ख्या खात्यात एकट्या मास्तरांना येत होती. पहिल्या मार्शलचे त्यांच्या उस्तादांनी भरले होते.

मापं द्यायला साहेब आले तेव्हा मास्तरांनी छातीभोवती टेप धरून सांगून पाहिलं, ‘‘पुलावर मी होतो, साहेब.’’

‘‘कुठल्या पुलावर?’’ साहेब आरशात बघत म्हणाले. ‘‘पोट जरा दबलेलं दिसू दे. आणि तोंड कमी चालव.’’

याला म्हणतात निगरगट्टपणा. फिती उपटलेला माणूस समोर उभा, आणि याला पोटाची काळजी!

समारंभाच्या सकाळी रिवाजाप्रमाणे मास्तरांनी साहेबांना कोट चढवला. खोलीत दोघंच होते. बाहेर बँडवाले सूर जुळवत होते. मास्तरांनी गळ्याचं बटण लावलं, खांद्यावरचे दंड बोटानं पुसले आणि म्हणाले, ‘‘साहेब, दोन्ही खांद्यांना चार-चार टाके घातलेत. कच्चे.’’

कसले टाके, असं साहेबांनी विचारलं नाही. न आठवणाऱ्या माणसानं विचारलं असतं. आरशातल्या तोंडाचा रंग मात्र उतरला.

‘‘आत्ताच्या आत्ता पक्के कर. हुकूम आहे माझा.’’

‘‘लेखी द्या. तोंडी हुकुमाचं काय होतं ते एकदा बघितलंय मी.’’ मास्तरांनी टेबलावर कागद ठेवला, पेन्सिल ठेवली. ‘‘एकच ओळ लिहायची. पूल सोडायचा हुकूम मी दिला होता. सुई ओवलेली आहे, पाच मिनिटांत वरून पक्के करून देतो.’’

‘‘तुझी नोकरी गेली म्हणून समज, हरामखोर!’’

‘‘उद्या जाईल. समारंभ आज आहे.’’

दारावर टकटक झाली. दुसरा शिंपी बोलवावा, तर त्याला कारण सांगावं लागलं असतं. साहेबांनी पेन्सिलीकडे पाहिलं, अगदी हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेऊन ते बाहेर पडले. कागद कोराच राहिला.

मास्तर शिवणखात्यात परतले तेव्हा सगळी मशिनं बंद होती आणि सगळे टीव्हीपुढे बसले होते. ते बायकोशेजारी स्टुलावर टेकले. पडद्यावर साहेब मैदानातून चालत होते, आणि कसे? डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखे. राष्ट्राध्यक्षांनी हातात दंड दिला. मग सलाम. सलामाला कोपर खांद्याच्या रेषेत यावं लागतं, हे रंगरुटालाही ठाऊक असतं. साहेबांचं कोपर बरगडीला चिकटलेलं, मान वाकडी, आणि हात कसाबसा कानापर्यंत पोचलेला. डोळे सारखे स्वतःच्या खांद्याकडे. टीव्हीवरचा निवेदक म्हणाला, ‘‘किती हा विनय!’’

‘‘उसण भरली की काय याला?’’ बायकोनं विचारलं.

मास्तरांनी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. ती पडद्याकडून त्यांच्याकडे वळली.

‘‘खरंच चारच घातलेत?’’

‘‘छे! माझ्या हातून होतंय का तसलं काम? एकेका खांद्याला चोपन्न आहेत. दुहेरी दोरा, मेण लावून. कोट फाटेल, पण दंड निघायचे नाहीत.’’

‘‘मग त्याला कळणार नाही होय?’’

‘‘अस्तर घातलंय खालून. बघायचं तर उसवावं लागेल, आणि उसवणाऱ्याला कारण सांगावं लागेल.’’

‘‘आणि तुमची नोकरी?’’

‘‘काढायची तर तिथंही कारण लिहावं लागेल. लिहायला तर घाबरतो तो.’’ मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. ‘‘बोलला नाही अखेर.’’

‘‘तोंडानं नाही, पण खांद्यानं कबूल करतोय ना?’’ बायको पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. ‘‘अख्खा देश बघतोय की.’’

मास्तर उठायला लागले, तशी तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

‘‘बसा हो. अजून राष्ट्रगीत व्हायचंय. पुरं होईपर्यंत हात वर धरायला लागेल त्याला.’’