बाउदिलिओचा पत्रा आणि पहिला हात

वालपराइसोत राहते म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल. मला समोरच्या बाउदिलिओ कार्कामोच्या घराची पत्र्याची भिंत दिसते. आमची गल्ली इतकी अरुंद, की खिडकीतून हात लांबवला तर त्याच्या पत्र्याला टेकेल. त्यामुळे त्या भिंतीबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी भरपूर वापरला. उपयोग शून्य.

बाउदिलिओनं उभा जन्म ट्रॉलीबस चालवली. माणूस वाईट नाही. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटी खांद्यावर घेऊन टेकडीच्या पायऱ्या उतरणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता. पण जे काम झाल्यावर दिसत नाही, ते त्याच्या लेखी कामच नव्हे. सुका घेवडा रात्री भिजत घालणार नाही, आणि दुपारी शिजला नाही की गॅसला शिव्या घालणार. लग्नाची मागणी घालायलासुद्धा आधी कोणाकरवी कानावर न घालता थेट घुसला होता म्हणे. सासऱ्याला वाटलं, वीजबिलवाला आला.

अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाआधी आमच्याकडे घराचं तोंड रंगवतात. जुन्या पत्र्यावर रंगाचे इतके थर होते, की बाउदिलिओचं वर्षानुवर्षं निभावून गेलं. मग एका हिवाळ्यात वादळानं माझ्या बाजूचे पत्रे उडवले आणि तिथे नवेकोरे, जस्ताचे, चकचकीत पत्रे आले. पठ्ठ्यानं त्यावर थेट निळा ऑइलपेंट फासायला घेतला.

मी खिडकीतून ओरडले, "अरे, नव्या पत्र्याला आधी प्रायमर लागतो! साबणानं धू, जस्तावर चालणारा प्रायमर मार, मग रंग."

"नेल्दा, प्रायमर म्हणजे बिनरंगाचा रंग," शिडीवरून उत्तर आलं. "उद्या म्हणशील, पाव खायच्या आधी बिनपिठाचा पाव खा."

सणाला भिंत झकास दिसली. पुढच्या पावसाळी थंडीत तिला फुगे आले. मग दुधावरची साय निघावी तसे पोपडे सुटले. त्यानं खरवडलं आणि आणखी जाड हात मारला. पुढच्या वादळात रुमालाएवढा निळा पापुद्रा उडून माझ्या वाळत घातलेल्या चादरीला चिकटला. मी तो नेऊन त्याच्या हातात ठेवला.

"खारा वारा," तो म्हणाला. "पूर्वीचा वारा असा नव्हता."

त्याची बायको ओर्फेलिना दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिनं नुसता कपाळावर हात मारला.

यंदा त्यांची मुलगी यास्ना बाळंतपणासाठी आन्तोफागास्ताहून यायची होती. तिच्या खोलीच्या छताला जुन्या गळतीचा तपकिरी डाग होता. गळती कधीच बंद झाली होती, डाग मात्र तसाच. बाउदिलिओनं पांढरा रंग मारला. वाळला तसा डाग पुन्हा वर आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. माझ्या खिडकीपर्यंत भांडण ऐकू येई.

"म्हाताऱ्या, डाग अडवणारा प्रायमर मिळतो, तो आण!"

"तू आणि ती नेल्दा, दोघींनी प्रायमरचं दुकानच काढा!"

शेवटी रविवारी तो फुटबॉलला गेला, तेव्हा ओर्फेलिना मला बोलवायला आली. सत्तरीला टेकलेल्या आम्ही दोघी. ती टेबलावर चढली, मी टेबल धरलं. डागावर प्रायमर, तो वाळल्यावर पांढरा हात. मान आखडली, केसांत रंग गेला, पण डाग गडप.

बाउदिलिओ संध्याकाळी आला, छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बघितलंस? म्हटलं नव्हतं, माझा शेवटचा हात मुरायला वेळ लागतो?"

ओर्फेलिना शांतपणे उठली, कपाटामागून प्रायमरचा डबा काढून त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याकडे जेवायला आली. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

वाटलं, सुटलो. कसलं काय! आता त्याला प्रायमरचं वेड लागलं. पत्रा खरवडून, धुऊन प्रायमर मारला, ते ठीक. खिडकीच्या कोऱ्या लाकडाला मारला, तेही ठीक. पण स्वयंपाकघराची भिंत चांगली धड, जुना रंग घट्ट, पुन्हा तोच रंग द्यायचा, तिथे काय गरज? तिथेही मारला. कोंबड्यांच्या खुराड्यालाही मारला. आणि येता-जाता मलाच शिकवायला लागला.

"नेल्दा, पाया महत्त्वाचा! लोकांना कळत नाही."

"लोकांना?" मी म्हटलं. "अरे निर्लज्जा, वर्षानुवर्षं कोण ओरडत होतं?"

"ओरडत होतीस, पण समजावून कुठे सांगितलंस?"

मी खिडकी लावून घेतली.

तर यंदाच्या सणाला काय झालं? ऊन बघून वरचा निळा हात उरकून टाक, असं ओर्फेलिना रोज सांगत होती. पण साहेब बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मुरू दे, घाई नडते." सण आला. बाळ घेऊन बसलेली यास्ना, खिम्याच्या करंज्यांसारख्या एम्पानादांचं ताट, दारावर झेंडा, आणि मागे सगळं घर वरपासून खालपर्यंत नुसत्या प्रायमरचं राखाडी.

"बाबा, युद्धनौका झालीय नुसती," यास्ना म्हणाली.

"पाया बघ किती घट्ट आहे! नखानं ओरखड!" असं म्हणत तो प्रत्येक पाहुण्याला भिंतीशी नेऊन नख मारायला लावत होता. आणि पाहुणे मारतही होते.

ओर्फेलिनानं माझ्या पेल्यात वाइन ओतली. "नेल्दा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मोकळी आहेस ना? निळा डबा माझ्याकडे आहे. शिडी तू धर."