तांबड्या रश्श्यावर जमलेली टीम

मसाल्याच्या डब्यात तळाला खूप काही साठतं, तसं म्हाताऱ्या माणसाचं असतं. झाकण उघडलं की वास सुटणारच! मी काही शिकलेला नाही. दोहात अझीझियाच्या आमच्या व्हिलात स्वयंपाक करतो. पण शुक्रवारच्या फुटबॉलचे किस्से सगळे माझ्याकडेच जमा.

कंपनीचे व्हिला दोन, अझीझियाचा आमचा आणि पलीकडं थुमामाचा दुसरा; म्हणून टीमही दोन. आमचा कॅप्टन दत्तू, साताऱ्याचा एसी टेक्निशियन. थुमामावाल्यांचा बाबी, मालवणी ड्रायव्हर. रूल सोपा. गावाहून नवी माणसं आली की कॅप्टननी आळीपाळीनं एकेक उचलायचा, आणि हरलेल्याची पाळी पहिली. वर्ष झालं की माणूस मोकळा, मन मानेल तिकडं जावा. कप सलग दोनदा जिंकला तर तो कायमचा आपला. दत्तूला तो गावी आईपुढं ठेवायचा होता.

दत्तूनं एकदा नुसती उंची बघून एक प्लंबर उचलला. डोकं दाराच्या चौकटीला लागत होतं. ‘गोली मिळाला!’ पहिल्याच मॅचला बॉल आला तसा गोली बाजूला सरकला.

‘अरे, अडवायचा होतास!’

‘दादा, केवढ्या जोरात येत होता तो!’

*

मग खबर आली, नव्या माणसांत एक कोल्हापूरचा आहे. कोल्हापूरचा म्हणजे फुटबॉल रक्तातच! आणि तो हरणाऱ्याला मिळणार. मग काय, शेवटच्या मॅचला दोन्ही टीम हरायलाच उतरल्या! बाबीचा गोली बूट बांधत बसला. दत्तूनं आपल्याच जाळीत दोन गोल घातले. रेफ्री बिचारा इजिप्तचा. त्यानं शिट्टी खिशात टाकली, बॉल काखेत मारला, ‘खलास!’ म्हणाला आणि चालू लागला.

दत्तू खुशीत हरला. कोल्हापूरकर इतका रुंद, की बसच्या दारातून तिरका होऊन उतरला.

‘फुटबॉल? न्हाई ओ. गल्लीतले समदे खेळत्यात. मी तालमीत जायचो.’

*

पैलवानाला घरची फार आठवण यायची. म्हटलं, लेकराला शुक्रवारी तांबडा रस्सा करून घालू. मॅच संपली आणि बाबीचा स्ट्रायकर संजू वासावर आला. त्याचं वर्ष भरलेलं. तीन वाट्या प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘दत्तूदादा, मी आजपासून तुमचा.’

बाबीनं त्याला बसमधली पुढची सीट देऊ केली, एसीच्या तोंडासमोरची. संजू म्हणाला, ‘गार वाऱ्यानं पोट भरतं का?’

संजूमागून आणखी दोघं आले. दत्तू कप जिंकला! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, ‘घरी आण, मग बघते.’ आता फक्त आणखी एकदा जिंकायचं होतं.

*

नवी माणसं आली, सगळे अंगणात जमले. हरलेल्या बाबीची पाळी पहिली. नव्यांत गोव्याकडचा एक पोरगा बॉल पायावर नाचवत होता. दत्तू नखं खात होता. बाबीनं त्या पोराकडं बघितलंसुद्धा नाही.

‘माका काका होये.’

‘कोण काका?’

बाबीनं माझ्याकडं बोट केलं. मी चहा गाळत होतो.

‘अरे, ते खेळत नाहीत!’ दत्तू ओरडला.

‘ठाऊक आसा. पण ते खंयच्या टीमचे आसत?’

खरंच की! मला आजवर कुणी उचललंच नव्हतं. रूल म्हणजे रूल. चहा सगळ्यांना दिला आणि बाबीशेजारी जाऊन उभा राहिलो.

पुढच्या शुक्रवारी थुमामाच्या गच्चीवर पातेलं चढवलं. संजू पहिला आला. मग पैलवान. मग तो उंच गोली. वाढता वाढता रांगेच्या टोकाला आलो, तर एक जण मान खाली घालून उभा. एका हातात ताट, दुसऱ्या हातात बूट.

‘दत्तू?’

‘काका,’ तो हळूच म्हणाला, ‘बाबीला विचारता का, डिफेन्सला जागा आहे का?’