बद्रीनाथचा बिनगर्दीचा डोंगर

बद्रीनाथ ढोके मूळचा यवतमाळचा. वारज्यात तिघांत एक फ्लॅट, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, आणि पहिल्याच वर्षी हातून घडलेला एक गुन्हा: ऑफिसच्या सहलीची बस त्याने ठरवली आणि ती वेळेवर आली. असं एकदा केलं की माणूस संपला. पुढे वाढदिवसाच्या केकपासून किल्ल्यापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात.

या पावसाळ्यात टीमचे मॅनेजर दिगंबर सर यांना सगळे जातात तोच किल्ला हवा होता. तिथे आता मोजकीच माणसं सोडतात. परवाना ऑनलाइन, प्रत्येकाच्या ओळखपत्रासकट. बद्रीनाथने हातापाया पडून सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली. बुकिंग उघडलं, आणि अर्ध्या टीमची नावं भरेस्तोवर जागा संपल्या.

"अर्धे जाणार, अर्धे नाही? मग टीम स्पिरिटचं काय, बद्री?" सर म्हणाले. सरांचं वाक्य सदाशिव पेठेत सुरू होऊन न्यू जर्सीत उतरायचं. "कमी गर्दीचं बघ ना काहीतरी. समथिंग ऑफबीट, यू नो."

कमी गर्दीचं त्याच्याकडे होतं, तीच पंचाईत. पानशेतच्या अलीकडे आत वळलं की एक बिननावाचा डोंगर. दर रविवारी तो पायथ्याच्या वाडीतल्या सोनबाच्या अंगणात गाडी लावायचा, वर चढायचा आणि कातळावर आडवा व्हायचा. वर फोनला रेंज नाही. आठवड्यात तेवढा वेळ त्याला कुणी हाक मारत नसे.

त्याने दुसरीच नावं पुढे केली. टीममधल्या, शनिवार पेठेतल्या स्पृहाने एकेक निकालात काढलं.

"तिथे? धबधब्याखाली भिजायला टोकन घ्यावं लागतं. आणि काय रे, रविवारी तुझा फोन का लागत नाही? तपश्चर्येला बसतोस?"

"नाही वं. एक डोंगर आहे, तिथं..."

गेलं तोंडातून, आणि पलीकडे बसलेल्या सरांनी ते बरोबर टिपलं.

"पण सर, तिथं हॉटेल नाही."

"ऑथेंटिक!"

"वाट घसरडी आहे."

"ॲडव्हेंचर!"

"रेंजच येत नाही, सर."

दिगंबर सर खुर्चीतून उठलेच. "डिजिटल डिटॉक्स! डन!"

बद्रीनाथने जिन्यात जाऊन सोनबाला फोन लावला. "सोनबा, कोणी विचारलं तं सांगजा, पावसानं वाट खचली म्हणून."

"का ओ? वाट तर चांगली हाय." सोनबा म्हणाला. "सायेब, त्या परवान्याच्या किल्ल्याखाली घरटी चूल पेटतीया पाव्हन्यांसाठी. आमच्याकडं तुमी एकलेच येता, ते बी घरनं डबा घिऊन. आना की मानसं. आमची कारभारीन विजयमाला पिठलं करंल."

डब्याचं बद्रीनाथच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "बरं," एवढंच तो म्हणाला.

रविवारी अख्खी टीम कातळावर चढली. कुणी स्पीकर आणला होता, कुणी एकाच दगडावर सात तऱ्हांनी उभं राहिलं. बद्रीनाथ खाली उभा राहून सगळ्यांचे फोटो काढत होता. उतरल्यावर सोनबाच्या ओसरीवर पंगत बसली, आणि रेंज आल्याबरोबर स्पृहाने फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"मॅपवर टाकला तुझा डोंगर. 'बद्री पॉइंट'. पाच तारे दिलेत. आभार नंतर मानलेस तरी चालेल."

"म्हंजी आता लोकं येत्याल?" सोनबाने विचारलं.

"रांगा लागतील, काका."

विजयमालाने हसत बद्रीनाथच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. पिठलं झकास झालं होतं. त्यालाही ते नाकारता येईना.

पुढच्या रविवारी तो वारज्यातच पंख्याखाली पडून राहिला. इथे रेंज भरपूर होती. फोन वाजला.

"सायेब, चार गाड्या आल्यात! समदी इचारत्यात, बद्री कोन? वाट दावायला येताय न्हवं?"

मागून कुणाचा तरी स्पीकर ऐकू येत होता, आणि विजयमालाचं कुणाला तरी बसा, बसा म्हणणं.

"निघतो," बद्रीनाथ म्हणाला, आणि पलंगाखाली वाकून बूट शोधू लागला.