तीन मजले आणि लाडवांचा डबा

हैदराबादेत नारायणगुड्याला आमच्या बिल्डिंगखालचा एसटीडी बूथवाला कुबडी घेऊन चालायचा. आम्हा सगळ्यांचे फोन त्याच्याकडेच यायचे आणि तो खालून शिट्टी मारायचा. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनला नोकरीसाठी पाचच्या आत बोलावल्याचा निरोप त्याने माझ्याजवळ दिला. मी गप्पांत विसरलो. चार वाजले तरी ती उतरेना, तेव्हा तो कुबडीवर तीन मजले चढला आणि निरोप देऊन ‘काकांनी पाठवलंय’ म्हणाला; काका म्हणजे मी.

नोकरी लागली. सुमनच्या आईने लाडवांचा डबा मला दिला आणि मी तो घेतला. मग डबा घेऊन खाली बूथवर गेलो आणि त्याला विचारलं.

“सच्ची बात बोल दूं क्या?”

“नक्को साब! बच्ची कामपे लगी ना, बस. लड्डू निकालो!”

दोन्ही गालांत लाडू भरून तो हसला.

सुमन, ते तीन मजले त्याचे होते.